सारनाथ आणि यहुदीद्वेष

वाराणसीपासून तीन कोसांवर असलेल्या सारनाथी धमेख स्तूपाची प्रदक्षिणा करताना आठ कोनाड्यांखालच्या गुप्तकालीन पट्ट्यात, कमलवेलींच्या लगत, एकमेकांत गुंफलेली जी स्वस्तिके दिसतात ती आपल्याला इतकी परिचयाची असतात की तेथे थबकण्याचे काही प्रयोजन आपणांस वाटत नाही. परंतु एखाद्या यहुदी प्रवाशाच्या मनात तेच चिन्ह १५ सप्टेंबर १९३५ हा दिवस जागा करते, कारण त्या एकाच दिवशी न्युरेंबर्ग येथे स्वस्तिकांकित ध्वज जर्मनीचे एकमेव राष्ट्रीय निशाण ठरला आणि यहुद्यांचे नागरिकत्व हिरावणारा कायदाही मंजूर झाला.

बौद्ध आणि यहुदी यांच्या स्नेहाची कथा सांगताना सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराचे संस्थापक अनागारिक धर्मपाल यांचे नाव हटकून निघते. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेनंतर, १८९३ साली, जन्माने यहुदी असलेले अमेरिकन व्यापारी चार्ल्स स्ट्रॉस यांना त्यांनी त्रिशरण दिले, हे खरेच. पण त्याच धर्मपालांनी १९१५ साली एका पत्रात सिंहलद्वीपातील मुसलमान व्यापाऱ्यांवर आग पाखडताना शायलॉकची आणि यहुद्यांची उपमा योजली, ही गोष्ट वगळली तर केवळ स्तुतिपाठ उरेल. करुणेचा उपदेशकही परमुलखातून आलेला पूर्वग्रह किती बिनतक्रार उचलतो!

या प्रश्नाचा मुळापासून विचार केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि तोही बौद्ध धम्म स्वीकारण्यापूर्वी. कॅनडातील परिषदेसाठी १९४२ साली लिहिलेल्या व पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात, नाझींचा यहुदीद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांत विचाराने वा परिणामाने काडीचाही भेद नाही, असा स्पष्ट निर्वाळा त्यांनी दिला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनवार तेली’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त नांदले तेही कोकणातच. आपल्याकडे यहुदीद्वेष कधी नव्हता, अशी फुशारकी आपण मारतो खरी, पण ज्या गावगाड्याने तेल्यांच्या शनिवाराला हरकत घेतली नाही त्यानेच महारांना गावकुसाबाहेर ठेवले होते, याची आठवण कोणी करून दिलेली आपल्याला फारशी रुचत नाही.

नागपूरच्या दीक्षेनंतर जेमतेम महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब वाराणसीस उतरले, तेथील विद्यार्थ्यांपुढे बोलले आणि सारनाथला गेले. त्यांच्यासवे तो जुना युक्तिवादही बौद्ध परंपरेच्या दप्तरी दाखल झाला असे म्हणावयास हरकत नाही, आणि धर्मपालांच्या त्या पत्राला त्यांच्याच विहाराच्या आवारात याहून चोख उत्तर मिळणे कठीण होते.