नाक्यावरचा परका आणि आपली भाकरी

पहाटे कामगार नाक्यावर आपला भाऊ उभा असतो. शेजारी परप्रांतातून आलेला माणूस कमी मजुरीत तयार होतो आणि ठेकेदार त्यालाच घेऊन जातो. मग घरी येऊन जेवताना शब्द निघतो, "बाहेरच्यांनी आमची भाकरी पळवली." हा राग आम्ही खोटा म्हणत नाही. पण तो योग्य ठिकाणी जातो का, हे तपासले पाहिजे.

अमेरिकेत याची एकदा परीक्षाच झाली. १९८० साली क्युबाच्या मारिएल बंदरातून सहा-सात महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसे बोटींनी फ्लोरिडात उतरली. मायामी शहरातील कामगारांची संख्या ७ टक्क्यांनी वाढली. तिथल्या गरीब काळ्या बांधवांच्या पोटावर पाय येणार, असे कुणालाही वाटावे. परंतु १९९० साली अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी इतर शहरांशी तुलना करून दाखवले की, त्यांची मजुरी वा बेकारी फारशी बिघडली नाही. येणारा माणूस दोन हातांबरोबर पोटही आणतो. तो भाडे भरतो, किराणा घेतो, त्यातून नवी कामे निघतात.

२०१७ साली जॉर्ज बोर्हास यांनी मात्र सांगितले की, शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्यांची मजुरी घसरली. त्यांचा नमुना फार लहान आहे, असा आक्षेप इतरांनी घेतला. वाद मिटलेला नाही. पण झळ बसलीच तर ती कमी शिकलेल्यालाच बसते, हे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्या घरचाही दाखला आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती. पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांना मज्जाव होता. तो दरवाजा कुणा परप्रांतीयाने बंद केला नव्हता. आपण याच मातीतले असूनही परके ठरलो होतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. पुढे १९४६ साली मजूरमंत्री या नात्याने किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच मांडले. कमी मजुरीची स्पर्धा रोखण्याचा खरा उपाय तोच आहे.

म्हणून बांधवांनो, नाक्यावर सर्वांनी मिळून एकच दर ठरवा आणि नव्याने आलेल्यालाही त्यात सामील करून घ्या. तो आपल्याबरोबर राहिला तर ठेकेदाराला दर पाडता येणार नाही. आणि मायभगिनींनो, घरात कितीही ओढाताण असो, मुलामुलींची शाळा मध्येच सुटू देऊ नका.

जयभीम!