सिंगापूर ते न्यूयॉर्क : एक ड्युटी

रात्री साडेनऊ, चांगी विमानतळ. चार वैमानिक आजच्या उड्डाणाचा आराखडा वाचताहेत. सिंगापूर ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर. पृथ्वीगोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो. पण जानेवारीतल्या या रात्री विमान तिकडे जाणार नाही. जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून अलास्काच्या दक्षिणेने जायचं. वाट लांबते, पण पाठीशी जेट स्ट्रीमचा वारा मिळतो आणि वेळ वाचतो. अंतर नकाशावर कायमचं लिहिलेलं असतं. वेळ मात्र दर रात्री नव्याने मांडावी लागते, आणि या नोकरीचा कस तिथेच लागतो.

साडेअकराला विमान जागचं हलतं. एअरबस ए३५०-९०० यूएलआर. टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावतं आणि त्यापायी प्रवासी बसतात फक्त १६१. एवढं ओझं घेऊन एकदम उंच जाता येत नाही. इंधन जळेल तसतसं टप्प्याटप्प्याने वर चढायचं.

एक वाजता दोघे झोपायला जातात. केबिनच्या वर, छताखाली त्यांच्यासाठी अरुंद बिछाने आहेत. झोप हीसुद्धा इथे ड्युटीच. ठरल्या वेळी हुकमी झोप लागणं मला विमान उतरवण्याइतकंच कठीण वाटतं, कारण सतराव्या तासाला लागणारी शुद्ध इथेच साठवायची असते.

सव्वापाचच्या सुमाराला जपानच्या पूर्वेला सूर्य उगवतो.

सकाळचे आठ. घड्याळ अजून सिंगापूरचंच. खाली उत्तर पॅसिफिक. दर ठरावीक बिंदूवर दोन आकडे ताडून पाहायचे : पोहोचायची वेळ आणि उरलेलं इंधन. वारा सहा तास ताशी वीस किलोमीटरने कमी पडला, तर विमान एकशेवीस किलोमीटर मागे पडतं, म्हणजे सात-आठ मिनिटं. ती मिनिटं इंधनातून जातात. पंखांतल्या इंधनाच्या तापमानावरही नजर हवी. जेट ए-१ उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. इंजिनं दोनच, म्हणून एक बंद पडलं तर कुठे वळायचं हे प्रत्येक टप्प्यावर ठरलेलं असतं. अलास्कातलं कोल्ड बे हे त्यातलं एक. तिथली धावपट्टी आत्ता बर्फाने भरली आहे का, वारा कसा आहे, हे प्रवासी जेवत असताना कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा तपासलं जातं. मला या कामाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

वार रेषा ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते. अकराच्या सुमाराला सूर्य मावळतो. आजचा अख्खा दिवस साडेपाच-सहा तासांचा.

दुपारी कॅनडावर मिट्ट काळोख. चारच्या आसपास उतरवणारी जोडी पुन्हा जागेवर येते. चेहरा धुऊन, कॉफी घेऊन, हवामानाचा ताजा अहवाल वाचून.

सव्वासहा. न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे सव्वापाच. चाकं थांबल्यावर नोंदीत निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि शिल्लक इंधन लिहिलं जातं. हॉटेलच्या गाडीत एकच चर्चा : आत्ता झोपायचं की उजाडल्यावर थोडं चालून मग? दोघे लगेच झोपणार आहेत, दोघे न्याहारीपर्यंत जागणार.