स्वयंप्रकाशित गीतसंग्रह आणि लोकगीताचे स्वामित्व

लोकसंगीत व रॉक यांचा मेळ घालणाऱ्या दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाने २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ हा गीतसंग्रह कंपनीच्या हाती न सोपविता, महिन्यास एक गीत या क्रमाने, स्वतःच विनामूल्य प्रसृत केला. अशा स्वयंप्रकाशनाने वितरणावरील कंपनीची सत्ता संपते. परंतु एखाद्या संग्रहाचा आधार लोकगीत असेल, तर मूळ गायकांचे ऋण तेवढ्याने फिटत नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात गायिकेचे नाव व गाव नोंदविलेले आढळते. तळेघर परिसरातील गीते ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्या अभ्यासकानेही हाच दंडक पाळावयास हवा. अन्यथा कंपनी जाऊन तिच्या जागी ध्वनिमुद्रण करणारा स्वामी होईल, इतकेच.