तोच कोड, तीच टेस्ट. मग निकाल रोज वेगळा का?

सरकारी अर्जाची वेबसाइट असो की बँकेचं ॲप, लोकांच्या हातात पडण्याआधी ते स्क्रिप्टकडून तपासून घेतात. स्क्रिप्ट स्वतःच फॉर्म भरते, बटण दाबते आणि उत्तर आलं का ते पाहते. पण काही टेस्ट सकाळी पास, दुपारी नापास होतात आणि मधे कोडची एक ओळही बदललेली नसते. यांना 'फ्लेकी टेस्ट' म्हणतात. आपल्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये हा दोष कमीअधिक असल्याचं गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं.

नेटवर्कच्या टेस्टमध्ये गोम बऱ्याचदा एकाच ओळीत असते: 'विनंती पाठव, एक सेकंद थांब, मग उत्तर बघ.' एकच सेकंद का? लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर तेवढा पुरला म्हणून!

पुण्यातल्या सर्व्हरशी देवणीतून कुणी मोबाइलवर जोडलं जातंय असं समजा. अंतर फारसं आडवं येत नाही. फायबरमधून प्रकाश ४०० किलोमीटर दोन मिलिसेकंदांत कापतो. वेळ जातो टॉवरवरच्या गर्दीत आणि हरवलेल्या पॅकेटमध्ये. जोडणीचं पहिलंच पॅकेट हरवलं, तर टीसीपीच्या नियमानुसार ते पुन्हा पाठवण्याआधी साधारण एक सेकंद वाट पाहिली जाते. तेही हरवलं तर आणखी दोन. झाली एक सेकंदवाली टेस्ट नापास, वेबसाइटचा काही दोष नसताना.

मग सेकंदाचे दहा करायचे? ५०० टेस्ट असतील तर नुसत्या थांबण्यात ८३ मिनिटं जातील, आणि उत्तर अकराव्या सेकंदाला आलं की पुन्हा तेच. आपण कुकर घड्याळ पाहून उतरवत नाही, शिट्ट्या मोजतो. टेस्टनेही तसंच करावं: उत्तर आलं की लगेच पुढे जायचं, ३० सेकंदांत आलंच नाही तर नापास. सर्व्हर सुरू व्हायलाही वेळ लागतो. तो तयार आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

'तीनदा चालवा, एकदा पास झाली तरी चालेल' ही पळवाट बरीच वापरली जाते. मला ती धोक्याची वाटते. तीनपैकी दोनदा अर्ज खरोखरच अडकत असेल, तर तेही त्यात झाकलं जातं. शेवटच्या तारखेला फॉर्म भरणाऱ्याला मात्र तोच फटका बसतो.

त्यापेक्षा खराब नेटवर्क मुद्दाम तयार करावं. लिनक्समधल्या 'नेटेम'ने ३०० मिलिसेकंदांचा उशीर आणि दोन टक्के पॅकेटगळती लावता येते, तीही ऑफिसातल्या वेगवान वायफायवर बसून.