हवेची वाट: बारा हिवाळ्यांचा मागोवा

वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे 11 नोव्हेंबर 2012, आणि खाली माझ्या हातची एकच ओळ: ‘दोन दिवसांत काच काळी. पेलेट खराब असणार.’ मॅसॅच्युसेट्सच्या मधल्या भागातलं हे घर आम्ही त्या वर्षी घेतलं, तेव्हा दिवाणखान्यात आधीच्या मालकांचा पेलेट स्टोव्ह होता. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या कांड्या हे त्याचं जळण. टाकीत 18 किलोची गोणी ओतायची. खालचा फिरता स्क्रू त्या कांड्या थोड्याथोड्या करून भोकाभोकांच्या लोखंडी कुंडीत टाकत राहतो आणि काचेच्या दारामागे जाळ धरतो. आता बारा हिवाळे झाले, वही भरत आली. परवा ती पहिल्यापासून वाचून काढली. पहिल्या तीन वर्षांत जवळजवळ प्रत्येक तक्रारीखाली मी दोष जळणाला दिला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दुखणं हवेचं होतं.

जानेवारी 2014 मध्ये माझ्या बाळंतपणासाठी आई कराडहून आली. चाळीस वर्षं तिनं अंगणात पाण्याचा बंब पेटवला होता. पहिल्याच संध्याकाळी स्टोव्हसमोर बसून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, जाळ सुस्त आहे. खाली राख तटलीय बघ.” मला तोवर ज्वाळा म्हणजे ज्वाळाच वाटायची. तिनं दाखवल्यावर दिसलं. शेंदरी रंगाची, लांब, डुलणारी, टोकाला काळा धूर सुटणारी ती ज्वाळा होती. नीट हवा मिळाली की ती आखूड होते, पिवळी-पांढरी होते, कुंडीत जणू उकळी फुटल्यासारखी नाचते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की खोलीत शिरताशिरता कळतं.

आईचं निदान अर्धं बरोबर होतं. स्टोव्ह विझवून, गार करून कुंडी काढली, तर तळाच्या भोकांवर काचेसारखा घट्ट थर बसला होता. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटेचा खंगर होतो, तसाच हा प्रकार. पेलेटमध्ये माती, वाळू किंवा साल गेली असेल तर राख वितळते आणि गार होताना भोकांची तोंडं लिंपून टाकते. तो थर छिन्नीनं उडवला, भोकं ड्रिलच्या पात्यानं हातानंच फिरवून मोकळी केली. दोन दिवस जाळ उत्तम. तिसऱ्या दिवशी परत सुस्त.

इथंच बंब आणि या स्टोव्हमधला फरक मला कळायला हवा होता. बंबात मधल्या नळीतून गरम हवा आपोआप वर जाते आणि जाळीखालून नवी हवा ओढून घेते. जाळी मोकळी ठेवली की भागतं. पेलेट स्टोव्हमध्ये हे ओढण्याचं काम एक पंखा करतो, आणि तो बसवलेला असतो वाटेच्या शेवटाकडे, धुराच्या बाजूला. हवा मागच्या नळीतून आत येते, कुंडीच्या भोकांतून वर चढते, जाळातून जाते, आडव्या पत्र्यांच्या मागं वळसे घेत आपली उष्णता सोडते, दोन्ही बाजूंच्या खाचांतून खाली उतरते, पंख्यात शिरते आणि तीन-चार इंची नळीतून घराबाहेर पडते. या सगळ्या वाटेत कुठंही राख साचली, तरी परिणाम दिसतो तो कुंडीतल्या जाळावर. पुढची वाट अडली की मागचा जाळ मरतो. मी जाळापाशीच खरवडत बसले होते आणि अडथळा होता त्याच्या पलीकडे, जिथं माझा हात कधी गेलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात एक मेकॅनिक बोलावला. स्टोव्ह वीस मिनिटांत आपोआप बंद पडतोय म्हटल्यावर त्यांनी कंट्रोल बोर्ड बदलला, चांगले पैसे घेतले, आणि आठवड्यात तक्रार जशीच्या तशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मला राग पैशांचा कमी आणि याचा जास्त आला, की त्यांनी मागचा पत्रा उघडलाच नव्हता.

तो उघडला शेजारच्या गृहस्थांनी. कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, हातात कायम रबरी हातोडा. जळणकोठडीच्या मागच्या भिंतीवर त्यांनी हलकेच सात-आठ टोले दिले. आतून आधी काहीच नाही. मग कोरड्या पावसासारखा बारीक आवाज सुरू झाला आणि दोन्ही बाजूंच्या खाचांतून राख खाली ओघळू लागली. करडी, पिठीपेक्षा मऊ, बोटांत धरली तर लागतही नाही अशी. ओघळतच राहिली. मागच्या किती हिवाळ्यांची होती, सांगता येणार नाही. मग बाहेरच्या नळीच्या बुडाशी असलेल्या टी आकाराच्या जोडाचं झाकण काढलं. आतला भाग निम्म्याहून जास्त भरलेला. पंखा सोडवून काढला, तर त्याच्या पात्यांच्या पोटात राखेचे थर जमून ती सपाट दिसत होती. सपाट पातं फिरतं, आवाज करतं, पण हवा ओढत नाही. पंखा चालू असल्याचा आवाज येतोय म्हणजे पंखा ठीक आहे, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राख वजनाच्या 1 टक्क्याच्या आत असते. आम्ही हिवाळ्याला तीन टन म्हणजे दीडशे गोण्या जाळतो. टक्का अर्धा धरला तरी ती दहा-पंधरा किलो राख होते, आणि सगळी काही खालच्या ट्रेमध्ये पडत नाही. हलकी राख हवेबरोबर उडते आणि जिथं वाट वळते तिथं बसते.

या यंत्राचा इतिहासही हवेभोवतीच फिरतो. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लोक पुन्हा लाकडाकडे वळले, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात, बोइंगमध्ये काम केलेले अभियंता डॉ. जेरी व्हिटफील्ड यांनी घरगुती पेलेट स्टोव्ह घडवला. 1988 मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेनं लाकडी स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातली, पण इंधनाच्या 35 पटींहून जास्त हवा घेणाऱ्या स्टोव्हना त्यातून सूट दिली. तेव्हा काही स्टोव्ह गरजेपेक्षा जास्त हवा घेतील असेच बनवले गेले. ही जादा हवा जाळाला मदत करत नाही, उष्णता मात्र नळीवाटे बाहेर घेऊन जाते. एका आकड्यानं इतक्या घरांची ऊब बाहेर जाऊ दिली, याचं मला आजही वाईट वाटतं. 2015 च्या नियमांनी ती सूट संपवली आणि 2020 पासून मर्यादा तासाला 2 ग्रॅम धूलिकणांवर आणली.

आपल्याकडेही पेलेटचा स्टोव्ह घरात आला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘ऊर्जा’ शेगडी शेतातल्या टाकाऊ मालाच्या पेलेटवर चालायची आणि 2000 च्या दशकात महाराष्ट्र-कर्नाटकात विकली गेली. तिच्यात छोटा पंखा हवा खालून आत ढकलतो, तर इथल्या स्टोव्हमध्ये तो पुढून ओढतो. फुंकणी आणि धुराडं यांच्यात आहे, तोच हा फरक. ओढण्याचा फायदा असा, की जळणकोठडीत दाब खोलीपेक्षा कमी राहतो. दाराला फट पडली तर धूर बाहेर येण्याऐवजी खोलीतली हवा आत जाते. पण मग ती हवा कुंडीच्या भोकांतून न जाता सोप्या वाटेनं जाते आणि जाळ उपाशी राहतो. म्हणून दाराभोवतीची दोरीसारखी पट्टी मी दर वर्षी तपासते. दारात डॉलरची नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज सुटली तर तिथं फट आहे.

फेब्रुवारी 2015 वहीत पाच पानं व्यापून आहे. बोस्टनला त्या एका महिन्यात 60 इंचांहून जास्त बर्फ पडलं, आमच्याकडेही रोज फावडं हातात. एका पहाटे घर गार पडलेलं. पंख्याची घरघर चालू, टाकी भरलेली, कुंडी रिकामी. बाळ अवघं वर्षाचं. या स्टोव्हमध्ये हवेच्या ओढीवर नजर ठेवणारा एक छोटा स्विच असतो. बारीक रबरी नळीनं तो आतल्या दाबाला जोडलेला असतो. ओढ कमी पडली की तो स्क्रूचा वीजपुरवठा तोडतो, पेलेट पडायचे थांबतात, जाळ विझतो. त्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून दिल्या की स्टोव्ह चालू होतो, हे मला तोवर माहीत झालं होतं, आणि त्या थंडीत हात तिकडे गेलाही. यांनी थांबवलं. “आधी बाहेर बघून येऊ,” म्हणाले. बाहेर गेलो तर छपरावरून घसरलेल्या बर्फानं धुराच्या नळीचं तोंड पुरतं बुजवलं होतं. तारा जोडल्या असत्या तर धूर आणि बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड घरात राहिला असता, आणि पाळणा स्टोव्हपासून दहा फुटांवर होता. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा स्टोव्ह असेल तर कळकळीनं सांगते: त्या स्विचला चकवू नका. स्विच खराब होतो क्वचित. बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो. त्याची नळी राखेनं तुंबलेली असू शकते. ती स्विचपासून सोडवून स्टोव्हच्या बाजूनं मोकळी करावी, स्विचमध्ये फुंकू मात्र नये, आतला पडदा फाटतो.

मधली काही वर्षं शांत गेली. 2018 मध्ये मात्र, सगळं स्वच्छ असूनही जाळ जरा मंदच का, या प्रश्नाचं उत्तर सापडलं. धुराच्या नळीची लांबी नुसती फुटपट्टीनं मोजत नाहीत. प्रत्येक काटकोनी वळण किंवा टी म्हणजे 5 फूट धरतात, आडवी नळी फुटाला फूट, उभी फुटाला अर्धा. आमच्याकडे एक टी, दोन वळणं, तीन फूट आडवी, सहा फूट उभी: 21 फूट झाले. 15 च्या वर गेलं की तीन इंची नळी पुरत नाही, चार इंची लागते. आधीच्या मालकांनी तीन इंची बसवली होती. बदलून घेतली. त्या हिवाळ्यात काच आठ-आठ दिवस पुसावी लागली नाही.

आता कामाची सवय झाली आहे. रोज सकाळी कुंडी, आठवड्याला ट्रे आणि पत्र्यांवरचे टोले, टनाला एकदा खाचा आणि टी. सप्टेंबरात मोठी सफाई: प्लग काढून, निखारा कुठंही उरला नाही याची खात्री करून, स्विचची नळी सोडवून, बाहेरच्या नळीच्या तोंडाला पालापाचोळा ओढायच्या यंत्राची ओढणारी बाजू लावायची आणि आत भिंतींवर टोले द्यायचे. काळा ढग झाडीकडे जातो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बादली घराबाहेर. साध्या व्हॅक्यूमनं ही राख ओढू नये. पिशवीत गेलेला एक जिवंत निखारा पुरतो.

यंदाची सफाई 28 सप्टेंबरला झाली. बॅटरी धरायला लेक होती, आता दहा वर्षांची. डाव्या खाचेत तिनंच आधी वाकून बघितलं आणि म्हणाली, “आई, इथं अजून आहे.” होती. वहीतली त्या दिवशीची नोंद तिच्या अक्षरात आहे: टीमधून अर्धा डबा राख, दाराची पट्टी वरच्या उजव्या कोपऱ्यात सैल, बदलायची. त्याखाली मी एवढंच लिहिलंय, की धूर ओढणाऱ्या पंख्याच्या बेअरिंगचा आवाज मागच्या वर्षीपेक्षा वाढलाय. नवा पंखा मागवला आहे, सोबत त्याची गॅस्केटही. जुनी गॅस्केट पंखा काढला की परत बसत नाही.