तीन ताऱ्यांच्या भरवशावर

मॅजेलनचे दोन मेघ दक्षिण गोलार्धातून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आकाशगंगेच्या बाकीच्या सोबतिणी, म्हणजे तिच्याभोवतीच्या बटुदीर्घिका, मात्र इतक्या अंधुक, की पहिली सापडायला १९३७ साल उजाडावं लागलं. हार्वर्डच्या दक्षिण आफ्रिकेतल्या बॉयडन केंद्राच्या काचेच्या प्लेटवर, शिल्पकार तारकासमूहात, बारीक ठिपक्यांचा एक विरळ पुंजका होता. खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपली यांनी तो हेरला. पाठोपाठ अश्मंतातली बटुदीर्घिका सापडली आणि पन्नाशीच्या दशकात पालोमार सर्वेक्षणातून सिंह, कालेय, ध्रुवमत्स्य यांतल्या.

म्हातारे तारे आणि नावापुरताही वायू नाही, अशा या दीर्घिकांत विशेष ते काय? उत्तर १९८३मध्ये मिळालं. खगोलशास्त्रज्ञ मार्क आरन्सन यांनी कालेयातले फक्त तीन कार्बन तारे निवडले आणि वर्णपटावरून त्यांचे वेग मोजले. वेगांतली तफावत सेकंदाला साडेसहा किलोमीटरच्या घरात निघाली. गुरुत्व केवळ दिसणाऱ्या ताऱ्यांचं असतं, तर ही मंडळी केव्हाच पांगली असती. म्हणजे आत न दिसणारं, पण गुरुत्व असणारं कृष्णद्रव्य हवं. तीन ताऱ्यांवरून एवढं धाडसी अनुमान! पुढे शेकडो ताऱ्यांचे वेग मोजले गेले आणि ते खरं ठरलं. आरन्सन मात्र १९८७मध्येच किट पीक वेधशाळेतल्या अपघातात गेले.

१९९४मध्ये धनू राशीतली, आकाशगंगेच्या ओढीने फाटत चाललेली बटुदीर्घिका सापडली. तरीही १९९९पर्यंत हिशेब अकरावरच अडला होता. कृष्णद्रव्य धरून केलेल्या संगणकी प्रतिकृती तर शेकडो सोबतिणी हव्यात असं सांगत होत्या. मग आकाशाचं स्लोन हे डिजिटल सर्वेक्षण आलं. आता प्लेट न्याहाळायची गरज उरली नाही. रंग आणि तेज पाहून जवळचे तारे गाळायचे आणि उरलेल्यांत दाटी कुठे आहे ते संगणकाने शोधायचं. अशीच सापडली सेग्यू-१. तिचं एकूण तेज जेमतेम तीनशे सूर्यांइतकं, पण वस्तुमान त्या प्रकाशाच्या मानाने हजार पटींहून जास्त.

आज ही यादी साठीच्या आसपास पोचली आहे आणि वादही तिथेच आहे: दीर्घिका कोणाला म्हणायचं? २०२३मध्ये जाहीर झालेल्या सप्तर्षी-३मध्ये जेमतेम साठ तारे आहेत. त्यांतल्या अकरांचे वेग मोजले, तर एक-दोन तारे वगळताच कृष्णद्रव्याचा पुरावा विरतो. ते जोडतारे असू शकतात आणि त्यांचा जादा वेग जोडीदाराभोवती फिरण्याचा. काही संशोधकांच्या मते हा कृष्णद्रव्य नसलेला साधा तारकागुच्छच आहे. माझ्या मते आरन्सन यांना लाभलेलं यश इथे गृहीत धरू नये. आणखी वेग मोजले जाईपर्यंत तिला दीर्घिका म्हणायची घाई नको.