पडद्यावरील वानर

अद्भुत चित्रपटांपैकी सर्वांत आवडता कोणता, असे विचारले असता पुष्कळजण ‘किंग काँग’चे नाव घेतात. तो अमेरिकेत १९३३ साली निघाला. त्यातील अजस्र वानर म्हणजे वस्तुतः धातूच्या सांगाड्यावर सशाचे केसाळ कातडे चढविलेली दीडदोन फुटांची बाहुली! विलिस ओब्रायन व त्यांचे सहकारी ती किंचित हलवीत आणि एक छायाचित्र घेत. अशी चोवीस छायाचित्रे झाली, की पडद्यावरचा एक सेकंद भरे. हात लागून विस्कटलेले केस मात्र पडद्यावर उगाच सळसळत. तो दोष लपला नाही. लॉस एंजेलिसच्या रे हॅरीहाउसेन या शाळकरी मुलास त्या वानराने असे झपाटले, की तो घरीच बाहुल्या घडवू लागला. पुढे ‘मायटी जो यंग’ (१९४९) या चित्रपटात आणखी एका वानराला चालविण्याचे काम ओब्रायन यांनी त्याच्याच हाती सोपविले.